टीव्हीवरचा तेनाली रामा गावच्या रंगमंचावर कवी म्हणून कसा उभा करावा

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत दिवाळीनंतर धान खळ्यावर आले की नाटकांचे दिवस सुरू होतात आणि ते थेट होळीपर्यंत चालतात. वडशाहून निघणाऱ्या झाडीपट्टीच्या मंडळ्या रात्ररात्र नाटके करतात आणि त्याच हंगामात शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलनेही उरकली जातात. स्नेहसंमेलनात ऐतिहासिक विनोदी नाटुकले बसवायचे ठरले की मुले ठरलेली दोन नावे सुचवतात : बिरबल आणि तेनाली रामा. दुसरे नाव आता बहुधा आधी येते आणि त्याचे श्रेय टीव्हीला आहे. १९९० साली दूरदर्शनवर विजय कश्यप यांनी रंगवलेला तेनाली रामा आजच्या पालकांच्या लक्षात आहे, तर २०१७ ते २०२० या काळात सब टीव्हीवर कृष्णा भारद्वाज यांनी केलेला तेनाली रामा मुलांच्या डोळ्यांपुढे आहे. चेहरे निराळे असले तरी स्वभाव एकच आहे. तो हजरजबाबी आहे, राजाला पेचातून सोडवतो आणि राजगुरूची खोड मोडतो. मात्र हा माणूस कवी होता, त्याने लिहिलेले काव्य आजही वाचले जाते आणि ते काव्य चक्क आपल्या पंढरपूरविषयी आहे, हे त्या दोन्ही पिढ्यांच्या गावीही नसते.

म्हणून या लेखात नाटुकले बसवण्याची जी रीत सांगितली आहे तिचा रोख एकाच गोष्टीवर आहे : टीव्हीने ओळख करून दिलेल्या या विनोदी पात्राच्या हातात त्याची लेखणी परत द्यावी आणि विनोद त्या लेखणीतूनच काढावा. असे केले म्हणजे मुलांना टीव्हीवरच्या प्रसंगांची नक्कल करावी लागत नाही आणि प्रेक्षकांनाही घरी रिमोट दाबून जे दिसते त्याहून वेगळे काही पाहायला मिळते.

आधी माणूस समजून घ्यावा

संहिता लिहायला बसण्यापूर्वी थोडी माहिती पक्की करावी आणि ती मुलांनाही सांगावी, कारण ज्याला आपले पात्र कोण आहे हे ठाऊक नसते तो नट फक्त डोळे फिरवून हशा मिळवायला बघतो. तेनाली रामकृष्ण हा तेलुगू कवी. तेनाली हे आंध्रातील गुंटूरकडचे गाव आणि तेच त्याच्या नावापुढे लागले. विजयनगरचा राजा कृष्णदेवराय याने १५०९ ते १५२९ या काळात राज्य केले आणि त्याच्या दरबारात ‘अष्टदिग्गज’ म्हणून ओळखले जाणारे आठ तेलुगू कवी होते, अशी परंपरा आहे. त्या आठांत रामकृष्णाची गणना होते. ‘पांडुरंग माहात्म्यमु’ हे त्याचे गाजलेले काव्य असून तेलुगूतील पाच महाकाव्यांत ते मोजले जाते. हे काव्य नेमके कृष्णदेवरायाच्याच काळातले की त्यानंतरचे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. नाटुकल्यात हा वाद आणण्याचे कारण नाही, पण निवेदकाने ‘परंपरा असे सांगते’ हे तीन शब्द वापरायला विसरू नये.

राजाविषयीही एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी, कारण विनोदाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. कृष्णदेवराय स्वतः कवी होता. ‘आमुक्तमाल्यदा’ हे आंडाळ या तमिळ संत कवयित्रीच्या कथेवरचे तेलुगू काव्य त्याने रचले. त्याच्या दरबारातील अल्लसानी पेद्दन हा ‘आंध्रकवितापितामह’ म्हणवला जाई, आणि राजाने त्याच्या पायात मानाचा तोडा स्वतःच्या हाताने घातला अशी कथा सांगतात. म्हणजे तो दरबार लिहिणाऱ्या माणसांनी भरलेला होता आणि सिंहासनावरही लिहिणाराच बसलेला होता. जिथे सगळेच लिहितात तिथे ऐकायचे कोणी, हा प्रश्न तालुक्याच्या कविसंमेलनाला एकदा जरी गेलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

विदर्भातल्या प्रेक्षकाला हा कवी परका वाटू नये यासाठी दोन दुवे हाताशी आहेत. पहिला वारीचा. अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते आणि तिथून तिची पालखी पंढरपूरला जाते. जी पंढरी या कवीच्या काव्याचा विषय आहे तिच्याशी आपले असे सोयरिकीचे नाते आहे. विजयनगरच्या राजाने विठ्ठलाची मूर्ती आपल्या राजधानीत नेली आणि एकनाथांचे पणजोबा संत भानुदास यांनी ती परत आणली, ही वारकऱ्यांमध्ये सांगितली जाणारी कथाही बहुतेकांनी कीर्तनात ऐकलेली असते. दुसरा दुवा भाषेचा. सिरोंचा आणि राजुरा भागात घरी तेलुगू बोलणारी कुटुंबे आहेत आणि शाळेत तशी चार-दोन मुले असतातच. त्यांच्यापैकी एकाच्या आजीकडून किंवा वडिलांकडून तेलुगू उच्चार नीट करून घ्यावेत. इतर मुलांनी ‘तेलुगूसारखे काहीतरी’ बडबडून हशा मिळवण्याचा प्रयत्न केला तर तो पहिल्याच तालमीला थांबवावा. ज्यांच्या घरची भाषा रंगमंचावर हसण्यावारी नेली जाते ती मुले पुढच्या वर्षी नाटकात येत नाहीत.

प्रसंग निवडताना नाव बदलून पाहावे

तेनाली रामाच्या नावावर शेकडो गोष्टी आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा बिरबलाच्या नावावरही चालतात. म्हणून निवडीसाठी एक सोपी कसोटी वापरावी. प्रसंग कागदावर लिहून काढावा आणि त्यातले ‘तेनाली’ हे नाव खोडून तिथे ‘बिरबल’ लिहावे. एकही शब्द न बदलता प्रसंग तसाच चालत असेल, तर तो चतुर माणसाचा प्रसंग आहे, कवीचा नव्हे.

मांजराची गोष्ट या कसोटीवर लगेच बाद होते. राजाने मांजर पाळायला गाय दिली, तेनालीने मांजराला उकळते दूध पाजून त्याला दुधाची धास्ती बसवली आणि दूध स्वतः प्याला. गोष्ट झकास आहे, पण तिच्यात कवी कुठेच नाही. विहिरीची गोष्टही बादच होते, तरीही ती आपल्याकडे ठेवण्याचा मोह आवरत नाही आणि माझ्या मते आवरूही नये. बागेत चोर लपले आहेत हे ओळखून तेनाली बायकोला मोठ्याने सांगतो की दागिन्यांची पेटी आपण विहिरीत टाकू, आणि मग चोर पेटीच्या आशेने रात्रभर विहीर उपसून त्याच्या बागेचे ओलित करून देतात. कृषिपंपाला रात्रीची लाईन मिळते म्हणून थंडीत बॅटरी घेऊन वावरात जाणाऱ्या माणसांपुढे ही गोष्ट केली की चोरांना बोलायला फारसे काही द्यावे लागत नाही. एक चोर विचारतो, ‘‘लाईन कितीले येते गा?’’ दुसरा म्हणतो, ‘‘बाराले.’’ पहिला बादली खाली ठेवून म्हणतो, ‘‘मंग बारालेच आलो असतो ना, आतापासून हातानं कायले ओढून राहिलो?’’ एवढ्यावर मैदान दणाणते. ही गोष्ट सुरुवातीला पाच मिनिटांची ठेवावी, म्हणजे उशिरा आलेले लोक बसेपर्यंत वेळ निघतो आणि ओळखीचा तेनाली भेटल्याचे समाधानही मिळते. नाटुकल्याचा मुख्य भाग मात्र पुढे आहे.

कसोटीला उतरणाऱ्या आख्यायिका थोड्या आहेत, पण जातिवंत आहेत. त्यांपैकी एक कालीच्या दर्शनाची. देवीने त्याच्यापुढे दोन वाट्या धरल्या, एकीत विद्येचे दूध आणि दुसरीत संपत्तीचे दही. यातली एकच घे, असे तिने सांगितले. त्याने चव पाहतो म्हणून दोन्ही वाट्या मागून घेतल्या आणि दोन्ही पिऊन टाकल्या. देवी रागावली आणि नंतर तिने त्याला विकटकवी, म्हणजे हसवणारा कवी, होशील असे सांगितले. लिहून पोट भरेल का, हा प्रश्न या कथेत उघडपणे आलेला आहे आणि म्हणूनच ती लेखकाची कथा आहे. रंगमंचावर ती दोन मिनिटांत होते. हे नाव तेलुगूप्रमाणे शेवटचा ‘वि’ ऱ्हस्व ठेवून ‘विकटकवि’ असे लिहावे, त्याची पाच अक्षरे पाच मुलांच्या गळ्यात पाट्या अडकवून दाखवावीत आणि मग सर्वांनी जागच्या जागी उभे राहून पाचव्या मुलाने उलटीकडून वाचायला सुरुवात करावी. तेच नाव पुन्हा येते. लहान वर्गातल्या मुलांना कार्यक्रमात घेण्याची सोय यात आपोआप होते. देवीचे काम मात्र शांत आवाजाच्या मुलीला द्यावे आणि तिच्या तोंडी एकही विनोद घालू नये.

मुख्य प्रवेश : काव्यातली अक्का

‘पांडुरंग माहात्म्यमु’मध्ये निगमशर्मा नावाच्या तरुणाची कथा येते आणि तेलुगू वाचकांत ती फार प्रसिद्ध आहे. निगमशर्मा चांगल्या घरातला, शिकलेला, पण वाया गेलेला मुलगा आहे. त्याला ताळ्यावर आणण्यासाठी त्याची थोरली बहीण माहेरी येते, त्याच्याजवळ बसून गोडीने चार गोष्टी सांगते, आणि हा गृहस्थ सुधारल्याचा आव आणून एके रात्री घरातले दागिने घेऊन पसार होतो. त्या बहिणीचे वागणे-बोलणे इतके जिवंत उतरले आहे की वाचक तिला विसरत नाहीत. गंमत अशी की कवीने तिला नावच दिलेले नाही. तेलुगूत ती ‘निगमशर्माची अक्का’ म्हणूनच ओळखली जाते.

नाटुकल्याचा कणा इथे सापडतो. कवी घरी बसून ही कथा लिहीत आहे आणि त्याची स्वतःची अक्का, जी आपण कल्पनेने निर्माण करायची आहे, मागून येऊन ते वाचते आहे, एवढी मांडणी पुरे. संवाद झाडीकडच्या बोलीत लिहावेत. नमुन्यादाखल थोडा भाग देतो.

अक्का : काय लिहून राहिला रे इतक्या राती?
रामकृष्ण : एका बिघडलेल्या पोराची गोष्ट.
अक्का : म्हणजे घरचीच.
रामकृष्ण : नाही वं. निगमशर्मा म्हणून आहे एक. त्याले सुधरवाले त्याची अक्का येते.
अक्का : येईनच. अक्काशिवाय कोण येते? नाव काय तिचं?
रामकृष्ण : नाव... नाव नाही ठेवलं.
अक्का : पोराले नाव ठेवलं?
रामकृष्ण : हो.
अक्का : गावाले नाव ठेवलं?
रामकृष्ण : हो.
अक्का : अन् जे सासरचा धंदा टाकून भावासाठी धावत आली, तिले नाव नाही?
रामकृष्ण : छंदात बसत नव्हतं.
अक्का : छंदात बसत नव्हतं! चुलीपाशी बरी बसते!

शेवटच्या वाक्यावर बायका आधी हसतात आणि पुरुष जरा थांबून, हे प्रत्येक तालमीत आणि प्रयोगातही दिसून येते. म्हणून त्या वाक्यानंतर कवीने लगेच बोलू नये. हातातले पान खाली ठेवावे, पुन्हा उचलावे आणि मग पुढचे बोलावे. हशा ओसरण्याआधी पुढचे वाक्य टाकणे हा शाळेच्या नाटकातला सर्वांत मोठा दोष आहे आणि तो केवळ सांगून जात नाही. तालमीला दुसऱ्या वर्गातली मुले प्रेक्षक म्हणून बसवली तरच तो जातो.

पुढे अक्का काव्यातल्या चोरीची चौकशी करते. काय काय नेले, असे विचारते. कवी दागिन्यांची नावे वाचू लागतो आणि ती मध्येच थांबवून म्हणते, ‘‘नथ नेली का?’’ कवी म्हणतो, ‘‘नेली.’’ ती हळूच स्वतःच्या नाकाला हात लावून पाहते. हा क्षण मूक ठेवावा.   त्यानंतर अक्का हट्ट धरते की या बहिणीला नाव दे, कवी एकेक नाव काढतो आणि प्रत्येक नावावर तिची काही ना काही हरकत असते, कारण एक नाव नणंदेचे निघते, दुसरे शेजारणीचे, तिसऱ्या नावाच्या बाईने उसने नेलेले पायलीभर तांदूळ परत केलेले नसतात. शेवटी ती स्वतःच कंटाळून म्हणते, ‘‘राहू दे. अक्काच लिही. सगळ्या घरी एक असते.’’ इथे प्रवेश संपवावा.

निगमशर्माच्या कथेचा उत्तरार्ध, म्हणजे तो घर सोडून कोणाबरोबर राहतो आणि त्याचा उद्धार कसा होतो, हा भाग घेऊ नये. त्यात जातीचे उल्लेख येतात, आणि पंधरा मिनिटांच्या विनोदी नाटुकल्यात ते सांभाळणे मोठ्या मंडळ्यांनाही जड जाते.

दरबाराचा प्रवेश

दुसरा प्रवेश कविसंमेलनाचा. राजा स्वतःचे काव्य वाचतो आहे आणि आठही कवींना प्रत्येक ओळीला ‘वा’ म्हणायचे आहे. आठ मुले मिळाली नाहीत तर पाच घ्यावीत आणि उरलेले तिघे ‘बाहेरगावी सत्काराला गेले’ असे निवेदकाने सांगावे. रामकृष्णाच्या कमरेला त्याच्या पानांची जुडी बांधलेली आहे आणि आपली पाळी कधी येते याची तो वाट पाहतो आहे. राजा एक सर्ग संपवतो, सर्वांना वाटते झाले, आणि राजा पान उलटतो. हाच विनोद तीनदा करावा, चौथ्यांदा करू नये. अध्यक्षीय भाषणाऐवजी अध्यक्षीय कविता ऐकून रात्री दोन वाजता मोटारसायकलने गावी परतलेली माणसे प्रेक्षकांत असतात आणि ती या प्रवेशाला आपणहून दाद देतात.

राजगुरूचे काय करायचे, हा प्रश्न इथेच येतो. सब टीव्हीवरच्या मालिकेत पंकज बेरी यांनी रंगवलेला तथाचार्य मुलांना फार आवडतो आणि प्रत्येक वर्गात त्याची नक्कल करणारा एक तरी असतो. तथापि ताताचार्य हे वैष्णव गुरूंचे खरे घराणे आहे, आणि मालिकेतले कपटी, घाबरट पात्र ही करमणुकीसाठी केलेली रचना आहे. आपल्या नाटुकल्यात शैव-वैष्णव वाद आणू नये. राजगुरूला कवीचा वैरी करण्यापेक्षा त्याला स्वतःच्या चुका ऐकून न घेणारा परीक्षक करावे. कवीच्या ओळीतले एक अक्षर छंदाला कमी पडते म्हणून तो अडून बसतो, आणि ती ओळ स्वतः म्हणून दाखवताना त्याच्याकडून दोन अक्षरे गळतात. भांडण लिहिण्यावरून झाले पाहिजे. सोन्याच्या मोहरांवरून झाले की आपण पुन्हा टीव्हीवर जाऊन पोहोचतो.

लेखकांच्या भांडणातून मालिका कशी उभी राहते याचे एक चांगले उदाहरण इंग्लंडात आहे. शेक्सपिअरच्या मृत्यूला ४०० वर्षे झाली त्या २०१६ साली बीबीसीने बेन एल्टन यांनी लिहिलेली ‘अपस्टार्ट क्रो’ ही विनोदी मालिका दाखवायला सुरुवात केली. तिचे नाव १५९२ साली रॉबर्ट ग्रीन या लेखकाच्या नावाने छापल्या गेलेल्या एका पुस्तिकेतून घेतले आहे. आमच्या पिसांनी नटलेला हा उपटसुंभ कावळा, अशा अर्थाचे जे शब्द त्या पुस्तिकेत आहेत ते शेक्सपिअरला उद्देशून आहेत असे मानतात. या एका शिवीवर मालिकेने ग्रीनला कायमचा प्रतिस्पर्धी करून टाकले. मार्क हीप यांनी तो रंगवला आहे. खरा ग्रीन त्याच वर्षी सप्टेंबरात वारला होता, पण मालिकेत तो पुढेही जिवंत राहून शेक्सपिअरला छळतो. पुढे शेक्सपिअरने ग्रीनच्याच ‘पँडोस्टो’ या १५८८ सालच्या कथेवरून नाटक रचले, म्हणजे पिसांची तक्रार अगदीच हवेतली नव्हती. इतिहासाशी घेतलेली ही सवलत खपून जाते, कारण मुळाशी असलेली शिवी खरी आहे. आपल्यालाही हाच नियम लावता येतो. प्रत्येक प्रवेशाच्या बुडाशी एक गोष्ट खरी किंवा परंपरेतली असावी : राजा कवी होता ही एक, अक्काला नाव नाही ही दुसरी, दोन वाट्यांची आख्यायिका ही तिसरी. त्यावरचा डोलारा खुशाल काल्पनिक ठेवावा.

त्याच मालिकेतून आणखी एक युक्ती घेण्यासारखी आहे. तिच्यातला शेक्सपिअर लंडनहून स्ट्रॅटफर्डला घरी पोहोचला की प्रवासाच्या हालांची जी तक्रार करतो ती आजच्या रेल्वेच्या प्रवाशाला शोभणारी असते. जुन्या काळात आजची गोष्ट घुसवण्याचा हा प्रकार आपल्याकडे वगात आणि दंडार या झाडीतल्या लोकनाट्यात फार पूर्वीपासून चालत आला आहे, त्यामुळे प्रेक्षकांना तो समजावावा लागत नाही. फक्त प्रमाण सांभाळावे. एका प्रवेशात आजचा संदर्भ एकदाच यावा आणि तो कवीच्या तोंडी नसावा. चोर लाईनविषयी बोलतात, दरबारी मानधनाविषयी बोलतील, पण रामकृष्णाने मोबाईल काढला की तो कवी उरत नाही.

बोली, वेश आणि पाने

राजा व राजगुरू प्रमाण मराठीत आणि रामकृष्ण व अक्का बोलीत बोलतील असे ठेवावे. यात एक धोका आहे. बोली बोलणारा म्हणजे गावंढळ आणि म्हणून हास्यास्पद, अशी टीव्हीने लावलेली सवय मुलांच्या अंगात भिनलेली असते आणि बोलीतले वाक्य आले की ती आवाज चिरका करतात, तोंड वाकडे करतात. त्यांना घरी आईशी बोलतात तसेच बोलायला सांगावे. दरबारात प्रत्येक वादात शेवटचा शब्द बोलीतल्या माणसाचा ठेवला म्हणजे हसे कोणाचे होत आहे हे प्रेक्षकांना आपोआप कळते.

वेशासाठी खर्च करू नये. धोतर, उपरणे आणि जुन्या काठाच्या साडीचे पागोटे एवढ्यात दरबार उभा राहतो. टीव्हीवरच्यासारखे डोके भादरण्याचा हट्ट एखादा उत्साही मुलगा धरतो. त्याला परीक्षा जवळ आल्याची आठवण करून द्यावी आणि कातडीच्या रंगाच्या कापडी टोपीला मागे काळ्या लोकरीची शेंडी शिवून द्यावी.

पानांकडे मात्र लक्ष द्यावे, कारण अख्ख्या नाटुकल्यात कवीची ओळख त्यांच्यावरच टिकून आहे. मालिका-सिनेमांमुळे जुना कवी म्हटला की हातात मोरपीस आणि समोर शाईची दौत अशी सवय झाली आहे. दक्षिणेत त्या काळी काव्ये ताडपत्रावर लिहीत. पान डाव्या हातात धरून टोकदार लोखंडी लेखणीने अक्षरे कोरायची आणि नंतर त्यावर काजळी चोळायची, म्हणजे कोरलेले उठून दिसते. नाटुकल्यासाठी जाड पुठ्ठ्याच्या वीतभर लांब आणि तीन बोटे रुंद पट्ट्या कापाव्यात, त्यांना कोऱ्या चहाचा हात द्यावा, वाळल्यावर प्रत्येकीला मधोमध भोक पाडून सुतळीत ओवावे आणि वरखाली लाकडी फळीचा तुकडा लावावा. लेखणी म्हणून बोथट केलेला सायकलचा आरा चालतो. कोरण्याचा हा अभिनय विनोदालाही उपयोगी पडतो, कारण कोरलेले अक्षर खोडता येत नाही. अक्काने हरकत घेतली की कवीला अख्खे पान जुडीतून काढून फेकावे लागते आणि प्रवेश संपेपर्यंत त्याच्याभोवती पानांचा सडा पडतो. शाई-कागद दिला तर ही संधीच जाते.

ध्वनीविषयी थोडक्यात. उघड्या मैदानावर टांगलेले दोन माईक असले तर अक्का आणि कवी यांना त्यांच्याखाली बसते करावे आणि दरबाऱ्यांना उभे ठेवून ‘वा’ मोठ्याने म्हणायला लावावे. त्यांना माईकची गरज पडत नाही.

सांभाळायच्या गोष्टी

विठ्ठलाला रंगमंचावर आणू नये. त्याच्या मूर्तीवर, वारीवर किंवा टाळकऱ्यांवर विनोद करू नये. प्रेक्षकांत माळकरी मंडळी असतात आणि त्यांना पांडुरंगावर लिहिणारा तेलुगू कवी भेटल्याचा आनंद द्यायचा आहे. भानुदासांची कथा निवेदकाने शेवटच्या प्रवेशाआधी गंभीरपणे, एका मिनिटात सांगावी. त्यानंतर तेलुगू घरातल्या मुलाने किंवा मुलीने पांडुरंगाच्या स्तुतीचे एखादे तेलुगू पद म्हणावे आणि मागे हळू आवाजात मृदंग असावा. हशानंतर लगेच आलेले हे पद लोक आश्चर्य वाटावे इतक्या शांतपणे ऐकतात.

सुरुवातीच्या निवेदनात तीन वाक्ये पुरेशी आहेत. तेनाली रामकृष्ण हा खरा कवी होता, त्याने पंढरपूरच्या देवावर तेलुगूत काव्य लिहिले, आणि आजच्या नाटुकल्यातली त्याची अक्का व विहिरीवरचे चोर हे आम्ही आमच्या गावातून घेतले आहेत. प्रयोगानंतर कोणी जाणता मनुष्य ‘टीव्हीवर तर असे नव्हते’ म्हणून विचारायला आलाच तर त्याच्याशी वाद न घालता त्याला ताडपत्राची जुडी हातात द्यावी आणि पुठ्ठ्यावर मुलांनी काय कोरले आहे ते वाचायला सांगावे. त्यासाठी त्या पट्ट्यांवर रेघोट्या न मारता मुलांकडून खरोखर संवाद लिहून घ्यावेत. विसरलेला संवाद रंगमंचावर वाचून घेण्याचीही त्यात सोय होते, हे मुलांना सांगण्याची गरज नाही, ती ते स्वतःच शोधून काढतात.

तालमींसाठी रोजची शेवटची तासिका मागून घ्यावी, कारण शाळा सुटल्यावर कापूस वेचायला किंवा मळणीच्या कामाला जाणारी मुले थांबू शकत नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत आठची वेळ छापलेली असली तरी पाहुण्यांचे सत्कार आणि नृत्ये आटोपेपर्यंत अकरा वाजतात आणि थंडीने माणसे उठू लागतात. अशा वेळी मुख्याध्यापक बाजूने हातवारे करून आवरते घ्यायला सांगतात. तेव्हा काय गाळायचे हे आधीच ठरलेले असावे. सर्वप्रथम विहिरीचा प्रवेश गाळावा, मग पाट्यांचा, आणि अगदीच निकड असेल तर दरबारातले राजाचे एक पान. अक्काच्या प्रवेशाला हात लावू नये, आणि तो करणाऱ्या दोन्ही मुलांना आधी जेवू घालून शाल पांघरून बसवून ठेवावे.